हजेरीबाई

आमच्या बाईंना सगळी वस्ती 'हजेरीबाई' म्हणायची. तोंडावर नाही, पण त्यांना ते ठाऊक होतं, आणि मला वाटतं मनातून आवडतही होतं. 'भित्रीबाई'पेक्षा ते बरं, पण खरं शोभलं असतं ते 'भित्रीबाई'च. माणूस किती गोष्टींना घाबरू शकतं हे बघायचं असेल तर बाईंकडे बघावं. पालीला घाबरायच्या, ते जाऊ दे, मीही घाबरते. पण बाई कचेरीतून आलेल्या पाकिटाला घाबरायच्या. पाकीट आलं की आधी ते उजेडात धरायच्या, मग टेबलावर ठेवून पाणी प्यायच्या आणि मला म्हणायच्या, "अगं, तू उघड. तुझे हात अजून थरथरत नाहीत." फोनवर साहेबांचं नाव उमटलं की खुर्चीतून उठून उभ्या राहायच्या. साहेब फोनमधून बघत नसतात, हे मी त्यांना पाच वर्षं सांगत होते.

शाळा दोन खोल्यांची. चार वर्ग, अडतीस मुलं, दोघी शिक्षिका. पहिली-दुसरी बाईंकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. एका खोलीत दोन वर्ग चालवणं म्हणजे काय, ते ज्यांनी केलं नाही त्यांना सांगून कळायचं नाही. एका भिंतीकडे तोंड करून पहिली अक्षरं गिरवते, दुसऱ्या भिंतीकडे तोंड करून दुसरी बेरजा करते, आणि मधे उभ्या बाईची मान दिवसभर इकडून तिकडे फिरत असते. शाळेच्या प्रमुखही बाईच, कारण नोकरीत थोरल्या. कारकून नाही, शिपाई नाही. झाडू मारायला आम्ही, दाखले लिहायला आम्ही, मुलांची उंची-वजनं घ्यायला आम्ही. चौथीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही असा नियम; पण कुणाला काय येतं आणि काय येत नाही याचे तक्ते मात्र महिन्याच्या महिन्याला भरायचे. मुलं पुढे सरकत राहतात आणि तक्ते कपाटात साठत राहतात.

या सगळ्या कारभाराचं मूळ म्हणजे हजेरी. शाळा चालू राहणार की बंद होणार, दोन शिक्षिका मिळणार की एकीवर भागवायचं, हे सगळं आकड्यावर ठरतं. साडेदहाला हजेरी घ्यायची, अकराच्या आत आकडा फोनवरून कचेरीत पाठवायचा, आणि तोच आकडा स्वयंपाकाच्या मावशींना सांगायचा, म्हणजे त्या तेवढ्यांचं जेवण शिजवणार. अकराच्या पुढे एक मिनिट गेलं की फोनवर शाळेच्या नावापुढे तांबडी खूण उमटते. चार वर्षांपूर्वी हे सुरू झालं. बाईंच्या नावावर एकही तांबडी खूण नव्हती.

त्यांची भीती आली कुठून, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. नोकरीचं पहिलं वर्ष, कुठलीशी आडबाजूची शाळा. तपासणीला साहेब आले. पटावर बत्तीस, वर्गात डोकी एकतीस. "बत्तिसावा कुठंय?" साहेबांनी विचारलं. मुलगा लघवीला गेला होता, पण एवढं वाक्य काही केल्या बाईंच्या तोंडातून निघेना. साहेबांनी त्यांना हजेरीपट हातात धरून मुलांसमोर अंगणात उभं केलं. तो पोरगा मागच्या मागे झाडावर चढून बसला होता, तो तासाभराने उगवला. तासभर बाई उन्हात उभ्या, बावीस वर्षांच्या. "तेव्हापासून," बाई म्हणाल्या, "पट आणि पोरं यांत फरक पडला की माझ्या पोटात गोळा येतो." मी हसले होते. आता त्या हसण्याची लाज वाटते.

फरक पडू नये म्हणून पोरांकडे नीट बघत राहता येतं. किंवा पोरांकडे बघणं सोडून नुसतं पटाकडे बघता येतं. वर्षं गेली तसतसं बाईंचं हे दुसरं होत गेलं होतं.

घंटेची युक्तीही त्यांचीच. शाळेच्या दारातल्या झाडाला रुळाचा हातभर तुकडा टांगलेला आहे, आणि त्यावर मारायला एक लोखंडी दांडी. आवाज पार वस्तीपर्यंत जातो. ज्या वर्गाची हजेरी पूर्ण, त्या वर्गाने शाळा सुटल्याची घंटा वाजवायची, असा बाईंनी नियम केला. उशिरा येईल तो घंटेपुरता गैरहजर. पोरं त्या दांडीसाठी जीव टाकायला लागली. तापाने फणफणलेली पोरं आईचा हात सोडवून शाळेत यायची. पहिली-दुसरीची हजेरी शंभर टक्के लागायला लागली, कचेरीने बाईंना कौतुकाचं पत्र पाठवलं (ते पाकीटही मीच उघडलं), आणि बाईंनी ते काचेत बसवून भिंतीला लावलं. वीस पोरं, महिनेच्या महिने, एक आजारी नाही, एक मामाकडे गेलेलं नाही! मला शंका यायला हवी होती. आलीही होती. पण माझ्या वर्गात मी तोंडं बघून हजेरी घेते ना, मग झालं, दुसऱ्याच्या वर्गात कशाला नाक खुपसा, असं म्हणून मी गप्प बसले.

पहिलीत अकराव्या नंबरची एक मुलगी होती. तिला सगळे गोगलगाय म्हणत. सहा वर्षांची, पावलापावलाला थांबणारी. वाटेत मुंग्यांची रांग दिसली की रांग संपेपर्यंत ही उभी. बाप दूर कुठेतरी बांधकामावर, आई रोपवाटिकेत कामाला. ती सकाळी आठलाच घर सोडायची. मुलगी एकटीच यायची. पंधरा मिनिटांची वाट, पण हिला पाऊण तास पुरायचा नाही. पहिलीची घंटा ज्या दिवशी हुकायची त्या दिवशी हिच्यापायी हुकायची. आणि पहिलीची मॉनिटर, सुताराची मुलगी, दोन घट्ट वेण्यांची, ती तर बाईंहून कडक. गोगलगाय उशिरा फाटकातून आत आली की मॉनिटर कमरेवर हात ठेवून तिच्याकडे अशी बघायची की मलाही आपण काहीतरी गुन्हा केल्यासारखं वाटायचं.

त्या दिवशी साडेदहाला मी फळ्यावर भागाकार मांडत होते. भिंतीपलीकडून बाईंचा आवाज येत होता. "नऊ." "हजर." "दहा." "हजर." "अकरा." मग क्षणभर काहीच नाही. मग अगदी बारीक आवाजात, "हजर." दारातून मला बाई दिसत होत्या. एका हातात पेन, दुसऱ्या हातात फोन, सकाळीच कचेरीतून नवा तक्ता आलेला. मान खाली.

माझ्या वर्गातली दोन घरी होती. छत्तीसचा आकडा कचेरीत गेला, मावशींना कळला.

दुपारी जेवणं झाल्यावर मावशी ताटं घासायला बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "एक ताट कोरडंच राहिलं बघा. मी छत्तीस मोजून मांडली होती."

"असेल कुणाचं पोट दुखत," मी म्हटलं.

मावशींनी ते ताट पुसून फळीवर ठेवून दिलं.

दोनला साहेबांचा फोन आला आणि बाई उठून उभ्या राहिल्या. चार वाजता कचेरीत तातडीची बैठक, नवा तक्ता कसा भरायचा ते सांगणार, दोघींनी यायचं. "मग शाळा, साहेब?" बाईंनी विचारलं. "लवकर सोडा," म्हणाले आणि फोन ठेवला. शाळा लवकर सोडा असं लेखी कोण देतो? बाईंची पाचावर धारण बसली. उद्या कुणी तक्रार केली तर साहेब कानावर हात ठेवणार, आणि निवृत्तीला आठ महिने राहिलेले. त्या खोलीत दोन फेऱ्या मारून माझ्याकडे आल्या. "घंटा नको वाजवायला. वस्तीत आवाज जाईल. रांगेने, गुपचूप सोडू."

तीन वाजता आम्ही पोरांना ओठांवर बोट ठेवायला लावून फाटकाबाहेर काढलं. घंटा त्या दिवशी पहिलीची होती, म्हणून पहिलीने कुरकूर केली. बाई म्हणाल्या, उद्या दोनदा वाजवा. बाहेर पडली ती पस्तीस पोरं होती, हे मी आज सांगतेय. तेव्हा आम्ही दोघींपैकी एकीनेही मोजली नाहीत.

पाच वाजता बैठकीत बाईंचा फोन थरथरला. मावशी होत्या. त्यांचा आवाज मला शेजारी बसून ऐकू येत होता. "बाई, गोगलगाय घरी आली नाही हो. तिची आई दारोदार हिंडतेय. पोरं म्हणतात शाळा तीनलाच सुटली. खरं का?"

बाईंच्या हातातून फोन पडला. मी साहेबांना सांगितलं. त्यांनी बैठक तशीच टाकली, गाडी काढली आणि आम्हाला मागे बसवलं. बाईंनी हजेरीपट पिशवीतून काढून छातीशी धरला होता.

"आज हजर होती ना मुलगी?" साहेबांनी विचारलं.

"पटावर हजर आहे," बाई म्हणाल्या.

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

शाळेमागे दगडाची जुनी खाण आहे, पाणी साठून खोल झालेली. पोरांनी तिकडे फिरकू नये म्हणून आम्ही काटे लावले होते. त्या काट्यांत एका जागी वाट पडली होती, लहान मुलाच्या अंगाएवढी. सगळी वस्ती तिथे जमली होती. मूल तीनपर्यंत शाळेत होतं आणि त्यानंतर घरी पोचलं नाही; मग जे काही झालं ते शाळेच्या आसपासच झालं असणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. मॉनिटरला विचारलं होतं तर तीही म्हणाली होती, हो, होती शाळेत. दोन माणसं कमरेला दोर बांधून पाण्यात उतरली होती. त्यातल्या गवंड्याची मुलं माझ्या वर्गात शिकत होती. तो बुडी मारायचा, दोर सरसर जायचा, आणि काठावर श्वास घेतल्याचासुद्धा आवाज यायचा नाही.

तिची आई काठावर बसली होती. रडत नव्हती. गवंडी वर आला की ती आधी त्याच्या हातांकडे बघायची. मी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली. मला स्वतःला मूलबाळ नाही, आणि त्या क्षणी मला त्याचं बरं वाटलं. असले विचार येतात माणसाच्या मनात.

पोलीस हवालदाराने पट मागितला. साहेबांनी तो बाईंच्या हातून काढून घेतला आणि त्यावर बोट फिरवलं. "अकरा नंबर. हजर. जेवणाचा आकडाही जुळतोय. शाळेत आली, जेवली, शाळा सुटली तशी गेली. शाळेच्या बाजूने काही चूक नाही." हवालदाराने लिहून घेतलं.

'जेवली' म्हटल्याबरोबर फळीवरचं ते कोरडं ताट मला डोळ्यांसमोर दिसलं.

मी बाईंना हाताला धरून भिंतीआड नेलं. "बाई, ती जेवलेली नाही. दुपारी एक ताट उरलं होतं. ती शाळेत आलीच नव्हती."

"ताटाचं मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "पण आवाज तिचा नव्हता. अकरा म्हटल्यावर जो 'हजर' आला ना, तो तिचा नव्हता. मला तेव्हाच वाटलं. मी मान वर केली नाही."

"का नाही केली?"

"वर केली असती तर एक कमी झाली असती."

मला त्यांना एक ठेवून द्यावीशी वाटली. खोटं कशाला बोलू. "मग सांगा ना जाऊन! अहो, ते पाण्यात शोधताहेत, आणि पोरगी शाळेपर्यंत पोचलीच नाही. घरापासून इथवरच्या वाटेवर एक माणूस नाही, सगळे इथे उभे आहेत!"

"माझे आठ महिने राहिलेत गं," बाई म्हणाल्या. त्या असं म्हणाल्या, मी ते लपवणार नाही. पदराचं टोक तोंडात धरलं होतं, आणि म्हणत होत्या, आठ महिने राहिलेत.

साहेब कधी मागे येऊन उभे राहिले ते कळलं नाही. त्यांनी ऐकलं होतं. आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, पट आता पोलिसांनी पाहिलाय. खोटी हजेरी म्हणजे काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. लोक शोधताहेत. इथे नाही मिळाली तर उद्या वाटेवरही शोधतील. तुम्ही मधे काही बोलू नका."

उद्या म्हणे!

तेवढ्यात काठावर गलका झाला. गवंडी वर आला होता आणि त्याच्या हातात एक लहानशी चप्पल होती. आई उठली, पुढे गेली, चप्पल हातात घेऊन उलटी करून पाहिली. "तिची नाही," म्हणाली, आणि पाय कुणीतरी काढून घेतल्यासारखी खाली बसली. गवंड्याने तोंडावरचं पाणी निपटलं आणि पुन्हा दोर आवळला.

बाई चालायला लागल्या. मला वाटलं, पळून चालल्या. पण त्या काठाशी गेल्या आणि म्हणाल्या, "ती शाळेत आली नाही."

कुणालाच ऐकू गेलं नाही. मग त्या ओरडल्या. पस्तीस वर्षांत पोरांवर कधी आवाज न चढवलेली बाई गळ्याच्या शिरा ताणून ओरडली, "ती आज शाळेत आलीच नाही! मी न बघता हजर लिहिलं. पट खोटा आहे. बाहेर या पाण्यातून, वाटेवर शोधा!"

सगळे वळले. आई उठली. "म्हणजे सकाळपासून?"

"सकाळपासून."

आईने बाईंचे दोन्ही दंड धरून त्यांना गदागदा हलवलं. "सकाळपासून माझी पोर नाहीये, आणि तुम्ही..." बाईंनी दंड सोडवून घेतले नाहीत. कुणीतरी मागून शिवी हासडली. साहेब फोन कानाला लावून गाडीकडे निघाले.

आणि पोरांच्या घोळक्यातून एक रडं फुटलं. मॉनिटर होती. बापाच्या पायाआड तोंड लपवून हुंदके देत होती. "मी म्हटलं हजर," ती म्हणाली, "मी म्हटलं!" सुताराने हात उगारला. बाईंनी मधे येऊन तो धरला. "लिहिलं मी. तिला मारू नका." मग मॉनिटरसमोर खाली बसून म्हणाल्या, "बाळा, मी खोटं लिहिलं ते सांगून टाकलं की नाही? आता तू सांग."

"काल मी तिला सांगितलं," मॉनिटर हुंदक्यांतून म्हणाली, "तुला उशीर होणार असेल तर येऊच नको. आमची घंटा जाते. पाइपात लपून बस. मी तुझं हजर म्हणते. घंटा वाजली की मग बाहेर ये आणि घरी जा. तोवर कुणी बोलावलं तरी यायचं नाही. मग मी विसरूनच गेले. आमचं घर दुसऱ्या बाजूला आहे, वाटेत पाइप लागत नाहीत."

घंटा वाजली की. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी बाईंकडे.

वस्ती आणि शाळा यांच्या मधे नाल्यासाठी सिमेंटचे पाइप आणून टाकले होते. मूल वाकून सहज चालेल एवढे रुंद, एकावर एक रचलेले, पाचशे-सहाशे पावलांची ती लांबच लांब रास. सगळे तिकडे धावले. शंभरएक माणसं तिच्या नावाने हाका मारत होती, काठ्या पाइपांवर आपटत होती, एकमेकांवर खेकसत होती. सूर्य टेकला होता. पाइपांची पलीकडची तोंडं मातीने बुजलेली. आत वाकून बघावं तर काळोख. मी दहा-बारा पाइपांत डोकं घातलं असेल. दर वेळी वाटायचं, आता आत काय दिसणार? हाक मारावी तर माझाच आवाज आतून घुमून परत यायचा, आणि तो मला ऐकवेना. विंचूकाटा निघतो इथे. सकाळपासून पोटात काही नाही, पाणी नाही. उत्तर कुठूनच येत नव्हतं.

एक जण म्हणाला, "इथे नाहीच ती. एवढंसं पोर आठ तास बसतंय होय? कुणीतरी उचलून नेली असणार." दुसऱ्याने त्याला गप्प केलं, पण आईने ते ऐकलं होतं. ती एका पाइपाच्या तोंडाशी गुडघे टेकून सारखी म्हणत होती, "बाळा, मारणार नाही गं, ये." एवढ्या आरडाओरड्यात तिचं कुणाला ऐकू जाणार?

बाई कुठे दिसत नव्हत्या. गुडघ्यांमुळे त्यांना पळता यायचं नाही. मला वाटलं, बसल्या असतील कुठेतरी रडत, आणि मला त्यांचा पुन्हा राग आला.

आणि शाळेची घंटा वाजली.

शाळा सुटल्यावर वाजते तशी, न थांबता, ठण ठण ठण ठण. माणसं जागच्या जागी उभी राहिली. काठ्या थांबल्या, हाका थांबल्या. दांडी पडतच होती. मग माझ्यापासून वीसेक पावलांवर, खालच्या रांगेतल्या एका पाइपातून आधी दप्तर बाहेर आलं. मग दोन पाय. गोगलगाय उलटी सरकत बाहेर आली, उभी राहिली, फ्रॉक झटकला, दप्तर पाठीला लावलं, आणि एवढी सगळी माणसं बघून तिचं तोंड एवढंसं झालं.

"मी घंटा झाल्यावरच आले," ती म्हणाली. घसा बसला होता. "आज घंटा खूपच उशिरा झाली."

आई तिच्यापर्यंत कशी पोचली ते मी पाहिलं नाही, कारण तोवर मला काही दिसेनासं झालं होतं.

घंटा मात्र थांबेना. बाईंना कळणार कसं? मी शाळेकडे पळाले, आणि मागोमाग पोरीला कडेवर घेऊन तिची आईही आली. झाडाखाली बाई दोन्ही हातांनी दांडी मारत होत्या, डोळे गच्च मिटलेले. तळहात सोलवटले होते. "बाई, थांबा," मी म्हटलं. त्या थांबेनात. शेवटी मी त्यांचे हात धरले. त्यांनी आधी एक डोळा उघडला. काय बघायला मिळणार याची एवढी भीती मी त्याआधी कुणाच्या तोंडावर पाहिली नव्हती.

गोगलगाय आईच्या कडेवरून म्हणाली, "बाई, आज घंटा आमची होती ना? तुम्ही का वाजवली?" आणि मग, "माझी हजेरी लागली ना?"

बाईंनी तिची हनुवटी धरून चेहरा वर केला आणि कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिल्या.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "आज तू नव्हतीस."

दिवसभर पाइपात न रडलेली पोर तेव्हा ओठ काढून रडायला लागली.

साहेब पट घेऊन आले. आता सुटल्यासारखे दिसत होते. म्हणाले, "बाई, मुलगी सापडली, प्रश्न मिटला. आता पट आहे तसा राहू द्या. हवालदाराचं मी बघतो."

"तुमचं पेन द्या जरा," बाई म्हणाल्या.

साहेबांकडे त्यांनी आयुष्यात काही मागितलं असेल तर ते एवढंच. पट गुडघ्यावर ठेवून त्यांनी अकरा नंबरच्या चौकोनात एक रेघ मारली, वर 'गैरहजर' लिहिलं, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'मी पाहिले नाही.' खाली सही केली आणि पेन पुसून परत दिलं.

चौकशी व्हायची ती झाली. कौतुकाचं पत्र भिंतीवरून उतरलं, नोकरीच्या पुस्तकात ठपका बसला, आणि उरलेले महिने बाईंना दुसऱ्या शाळेत काढावे लागले. त्या निकालाचं पाकीट आलं तेव्हा मी सवयीने हात पुढे केला. बाईंनी ते स्वतःच फाडलं. हात थरथरत होतेच.

पण मला त्या बदलीच्या आधीची एक सकाळ सांगायची आहे. दोन दिवस घरी राहून गोगलगाय तिसऱ्या दिवशी शाळेत येणार होती. साडेदहाला बाईंनी हजेरी सुरू केली. फोन टेबलावर पालथा ठेवलेला. एकेका पोरापुढे जायच्या, त्याच्याकडे बघायच्या, मग खूण करायच्या. अकरा नंबरची जागा रिकामी होती. मॉनिटर मान खाली घालून बसली होती, तोंडातून ब्र नाही. बाईंनी पट मिटला आणि त्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या.

अकराला पाच कमी झाले, मग दोन. मग अकरा वाजले, आणि टेबलावरच्या फोनने तांबडी खूण आल्याचा आवाज केला. मी फाटकाशी गेले. "बाई, अकरा वाजून गेले. आकडा गेला नाही."

दूर वळणावर दप्तर पाठीला लावलेलं एक मूल वाटेत वाकून काहीतरी बघत होतं. फाटकाचा गज बाईंनी घट्ट धरला होता, पण त्यांनी मान वळवली नाही.

"थांब जरा," त्या म्हणाल्या. "दिसतेय ती मला."